आवाज नेणं सोपं, वेळ नेणं अवघड : रेडिओ स्टुडिओतलं नेटवर्क

श्रोत्यांशी फोनवर गप्पा मारायचा रेडिओ कार्यक्रम ऐकत असाल, तर हे वाक्य तुमच्या कानावर हमखास पडलं असेल : "ताई, आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा बरं."

फोन लावलेल्या ताईंच्या घरात रेडिओ चालू असतो. त्या फोनवर बोलतात आणि तेच बोलणं थोड्या वेळाने रेडिओतून त्यांच्या कानावर येतं. लगेच त्या अडखळतात, वाक्य अर्धवट सोडतात, "हॅलो? ऐकू येतंय ना?" असं विचारायला लागतात. उशीर सेकंदाच्या एखाद्या तुकड्याचा असतो, पण माणसाचं बोलणं विस्कटायला तो पुरतो.

स्टुडिओच्या आत हाच उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो. गेल्या वीस-बावीस वर्षांत जगभरच्या रेडिओ स्टुडिओंमधून तांब्याच्या जोड-वायरी कमी होत गेल्या आणि त्यांच्या जागी ऑफिसात असतं तसं संगणकाचं नेटवर्क आलं. या कामात मी बरीच वर्षं आहे. नव्याने येणारी मुलं मला आवाजाबद्दल खूप विचारतात : किती बिट, किती किलोहर्ट्झ, कोणती केबल. वेळेबद्दल फारसं कोणी विचारत नाही, आणि या सगळ्या पद्धतीचा जीव वेळेतच आहे. म्हणून हा लेख.

आधी काय होतं

१९२७च्या जुलैत मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. तेव्हापासून शतक संपत येईपर्यंत स्टुडिओतल्या वायरिंगची मूळ कल्पना एकच होती : एका आवाजाला एक वायर. माइकपासून कन्सोलपर्यंत, म्हणजे आवाज मिसळण्याच्या टेबलापर्यंत, एक जोडी, कन्सोलपासून कंट्रोल रूमपर्यंत दुसरी, तिथून प्रक्षेपकाकडे तिसरी. ही जोड-वायर टेलिफोनच्या तंत्रातून आली. कंट्रोल रूममधला भोकाभोकांचा पॅच बेसुद्धा टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डाचाच वंशज. एका भोकातून दुसऱ्या भोकात दोरी लावली की आवाज तिकडे वळायचा.

तीन-चार स्टुडिओंच्या केंद्रात अशा शेकडो जोड्या असायच्या. जमिनीखालच्या चरांतून मनगटाएवढे जाड जुडगे जायचे आणि प्रत्येक जोडीचा नंबर रजिस्टरमध्ये लिहिलेला असायचा. रजिस्टर नीट ठेवणारा माणूस निवृत्त झाला की पुढच्याला एकेक वायर ओढून, टोन सोडून शोधावी लागायची. नवा वृत्त-कक्ष जोडायचा तर सोल्डरिंगचं काम कित्येक दिवस चालायचं. त्या लोकांच्या हाताला जे वळण होतं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी बांधलेले काही जोड आजही बिनतक्रार चालतात.

डिजिटल आवाज आला तरी वायरिंगची कल्पना लगेच बदलली नाही. १९८५मध्ये एईएस३ हे मानक आलं आणि एका जोडीतून डावा-उजवा असे दोन्ही आवाज आकड्यांच्या रूपात जाऊ लागले. १९९१च्या मॅडी मानकाने एकाच केबलमधून ५६ आवाज नेण्याची सोय केली. तरी केबल इथून निघून तिथेच जायची, वाटेत फाटा नाही. १९९६च्या कोब्रानेटने इथरनेटवरून, म्हणजे ऑफिसातल्यासारख्या संगणकाच्या नेटवर्कवरून, आवाज नेऊन दाखवला आणि मोठी सभागृहं, करमणुकीची उद्यानं अशा ठिकाणी तो रुळला.

रेडिओसाठी खास बेतलेली पद्धत २००३ साली आली. अमेरिकेत क्लीव्हलंडला टेलोस नावाची कंपनी आहे. तिचे संस्थापक स्टीव्ह चर्च स्वतः रेडिओवर कार्यक्रम करायचे आणि स्टुडिओचे इंजिनिअरही होते. फोनवरून येणारा श्रोत्याचा आवाज नीट ऐकू यावा या खटपटीतून त्यांनी १९८०च्या दशकात ती कंपनी उभी केली. तिच्याच ॲक्सिया विभागाने लाइव्हवायर ही पद्धत आणली. बाजारात मिळणारा साधा इथरनेट स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा डबा, घ्यायचा आणि त्यावर अख्खा स्टुडिओ चालवायचा, असा तो प्रस्ताव होता. त्या वेळी अनेक जुन्या इंजिनिअरांना हे धाडस वाटलं, आणि त्यांची शंका रास्त होती. ऑफिसचं नेटवर्क अडखळलं तर ईमेल दोन सेकंद उशिरा पोचते, कोणाला कळतही नाही. रेडिओवरची दोन सेकंदांची शांतता सगळ्या गावाला कळते.

पुढे व्हीटस्टोन कंपनीची व्हीटनेट, ऑस्ट्रेलियातल्या ऑडिनेटची दांते, म्युनिकच्या एएलसी नेटवर्क्सची रॅव्हेना अशा पद्धती आल्या. आज हे तंत्र सर्रास 'एओआयपी', म्हणजे ऑडिओ ओव्हर आयपी, या नावाने ओळखलं जातं.

आवाजाची पाकिटं

निवेदिका माइकसमोर "नमस्कार" म्हणते. माइकजवळच्या डब्यात तिच्या आवाजाची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजली जाते. प्रत्येक मोजमापाला सँपल म्हणतात आणि प्रत्येक सँपल २४ बिटांच्या आकड्यात लिहिलं जातं. यात काहीही दाबून लहान केलेलं नसतं. एमपी३मध्ये करतात तशी काटछाट इथे नाही.

अशी ४८ सँपलं जमली की त्यांचं एक पाकीट होतं. सेकंदाला ४८,००० सँपलं, म्हणजे ४८ सँपलांत बरोबर एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. पाकिटावर पत्ता घालायचा, नेटवर्कवर सोडायचं, पुढचं भरायला घ्यायचं. एका स्टिरिओ आवाजाची सेकंदाला हजार पाकिटं. प्रत्येकात आवाजाचे २८८ बाइट आणि वरून पत्त्या-बित्त्याचा भार. एकूण हिशेब सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिट होतो. एक गिगाबिटच्या साध्या केबलमध्ये कागदावरच्या गणिताने असे तीनशेहून जास्त स्टिरिओ आवाज मावतात. प्रत्यक्षात इतकं ठासून कोणी भरत नाही. तरी मनगटाएवढ्या जुडग्याच्या जागी करंगळीपेक्षा बारीक एक केबल, हा फरक डोळ्यांना दिसतो.

मोबाइलवर व्हिडिओ पाहतो तेव्हाही पाकिटंच येत असतात. तिथे मात्र एखादं हरवलं तर फोन ते परत मागवतो आणि तेवढा वेळ आधी साठवलेल्या काही सेकंदांवर काम भागवतो. स्टुडिओत परत मागवायला सवड नाही. हरवलं ते हरवलं. ते हरवू नये म्हणून नेटवर्कच तसं बांधावं लागतं.

सवड नाही ती निवेदिकेच्या हेडफोनमुळे. बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो : एक कवटीच्या हाडांतून थेट, दुसरा हेडफोनमधून. दोन्ही एकदम आले तर काही जाणवत नाही. दुसरा चार-पाच मिलिसेकंद मागे राहिला तर आवाज पोकळ होतो, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. दहाच्या पुढे गेला की बोलणाऱ्याचं लक्ष उडायला लागतं. त्यापुढे वाढत गेला तर फोनवरच्या त्या ताईंसारखी अवस्था होते. निवेदिकेचा आवाज माइकच्या डब्यातून मिक्सरकडे जातो, तिथून हेडफोनच्या डब्याकडे येतो, म्हणजे नेटवर्कवरून निदान दोनदा प्रवास करतो. प्रत्येक फेरीत दोन-दोन मिलिसेकंद गेले तरी चार संपतात. हवेतून एका मिलिसेकंदात आवाज साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे समोर टेबलापलीकडे बसलेल्या पाहुण्याचा आवाजही तीन-चार मिलिसेकंदांनी पोचतो. एवढ्याच अंतरात सगळा खेळ बसवायचा असतो.

टाकी आणि घड्याळ

पाकिटं हजाराच्या हजार निघतात, पण एका चालीत पोचत नाहीत. वाटेत स्विचमध्ये दुसऱ्या कोणाचं मोठं पाकीट चाललेलं असेल तर आपल्याला क्षणभर थांबावं लागतं. मग पोचणारी यंत्रं काय करतात? आपण घराच्या गच्चीवर जे करतो तेच. नगरपालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी बारीक धारेने. आपण ते टाकीत घेतो आणि नळाला मात्र सारखी धार येते. ऐकवणाऱ्या यंत्रातही अशी छोटी टाकी असते. तिला बफर म्हणतात. पाकिटं येतील तशी तिच्यात पडतात आणि खालून आवाज एकसारखा बाहेर पडतो. टाकी मोठी ठेवली तर सुरक्षितता जास्त आणि उशीरही जास्त. म्हणून स्टुडिओतली टाकी अगदी लहान असते, एक ते पाच मिलिसेकंदांची.

आणि टाकी लहान ठेवली की घड्याळाचा प्रश्न समोर उभा राहतो.

माइकचा डबा सेकंदाला ४८,००० सँपलं भरतो, स्पीकरचा डबा सेकंदाला ४८,००० रिकामी करतो. पण 'सेकंद' कोणाचा? प्रत्येक डब्यात स्वतःचा क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखात वीस एवढा फरक अगदी सामान्य आहे. मनगटी घड्याळात तो दिवसाला पावणेदोन सेकंद होईल, आपण हसून सोडून देऊ. इथे त्याच फरकाने भरणारा आणि उपसणारा यांच्यात दर सेकंदाला जवळपास एका सँपलचं अंतर पडतं. एक मिलिसेकंदाच्या टाकीत ४८ सँपलं असतात. पन्नासेक सेकंदांत टाकी कोरडी पडते किंवा ओसंडते, आणि श्रोत्याला 'टक्' ऐकू येतं. पुढच्या मिनिटाला पुन्हा 'टक्'. केबल उत्तम, स्विच उत्तम, माइक उत्तम, तरीही.

जोड-वायरीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. तारेतला विजेचा झोका हाच आवाज होता. तो निघाला की पोचला.

गणपतीत पुण्याच्या रस्त्यावर मोठं ढोल-ताशा पथक वाजत असतं, तिथे उभं राहून हे चांगलं समजतं. ताशा पुढे असतो. मागची रांग वीस मीटरवर असेल तर ताशाचा ठोका तिथे जवळजवळ ६० मिलिसेकंद उशिरा पोचतो. मागच्यांनी नुसत्या कानावर भरवसा ठेवला तर ते कायम मागे पडणार. म्हणून ते पुढच्याच्या हाताकडे बघतात. हात सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. पथक एकत्र वाजतं ते त्या हातामुळे.

नेटवर्कवर असा सगळ्यांना एकदम दिसणारा हात नाही. घड्याळाचा निरोपसुद्धा त्याच केबलमधून, तसाच उशीर सोसत जाणार. मग उशीर मोजूनच वजा करायचा, ही युक्ती पीटीपी या नियमावलीत आहे. तिचं मानक प्रथम २००२ साली आलं आणि सुधारून २००८ साली. युक्ती इतकी सुंदर आहे की ती आकडे घेऊनच सांगतो.

समजा रमाचं घड्याळ बरोबर आहे आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या शामचं चुकलेलं. मध्ये चिठ्ठ्या पोचवणारा एक मुलगा आहे. तो किती वेळ घेतो ते कोणालाच माहीत नाही. रमा चिठ्ठीत लिहिते "९:००" आणि मुलाला पाठवते. चिठ्ठी शामला मिळते तेव्हा त्याच्या घड्याळात ९:०७ झालेत. शाम आपल्या घड्याळाप्रमाणे ९:१० वाजता उलट चिठ्ठी पाठवतो. ती रमाला मिळते तेव्हा तिच्याकडे ९:११ झालेत, आणि ती तसं कळवते. आता शाम हिशेब मांडतो. जाताना फरक सात मिनिटांचा, येताना एका मिनिटाचा. बेरीज आठ, तिचं अर्ध चार : मुलाला एका फेरीला चार मिनिटं लागतात. वजाबाकी सहा, तिचं अर्ध तीन : माझं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे. घड्याळं शेजारी न ठेवता, मुलाचा वेग न विचारता दोन्ही गोष्टी कळल्या.

स्टुडिओतला प्रत्येक डबा हे सतत करत असतो आणि घड्याळं साधारण एका मायक्रोसेकंदाच्या आत जुळतात. दोन सँपलांमधलं अंतर २०.८ मायक्रोसेकंदांचं असतं, म्हणजे जुळणी पुरेशी बारीक झाली. मग प्रत्येक पाकिटावर त्यातल्या पहिल्या सँपलची वेळ लिहायची आणि ऐकवणाऱ्याने ठरवायचं : या वेळेत दोन मिलिसेकंद मिळवून झाले की वाजवायचं, आधी नाही, नंतर नाही. तळमजल्यावरचा स्पीकर आणि तिसऱ्या मजल्यावरचा स्पीकर एकच सँपल एकाच क्षणी वाजवतात.

यात एक गृहीत आहे : मुलाला जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. जाताना वाट मोकळी आणि येताना बाजाराची गर्दी असेल तर हिशेब चुकतो. म्हणून मोठ्या नेटवर्कमध्ये पीटीपी समजणारे स्विच वापरतात. ते चिठ्ठी आपल्याकडे किती वेळ थांबली तेही नोंदवतात, नाहीतर स्वतःच पुढच्या टप्प्याचं घड्याळ होतात.

आणि रमा कोणी व्हायचं? ते यंत्रं आपसांत निवडतात. प्रत्येकाला ० ते २५५मधला प्राधान्यक्रम देता येतो, लहान आकडा जिंकतो. कारखान्यातून येताना बहुतेकांचा आकडा १२८ असतो. कोणी तो बदललाच नाही आणि बाकी सगळं सारखं निघालं, तर निवड शेवटी यंत्राच्या जन्मजात क्रमांकावर जाते. मग एखाद्या टेबलावरचा, कोणीही पाय लागून बंद करू शकेल असा हेडफोनचा डबा अख्ख्या केंद्राचं घड्याळ होऊन बसतो. नव्या स्टुडिओत मी सर्वांत आधी हेच बघतो. घड्याळ रॅकमध्ये, यूपीएसवर, आणि त्याला दुसरा एक ठरवून ठेवलेला वारस.

पेपरचे गठ्ठे

एक आवाज अनेकांना हवा असतो. निवेदिकेचा आवाज मिक्सरला हवा, रेकॉर्डरला हवा, शेजारच्या स्टुडिओला हवा. माइकच्या डब्याने प्रत्येकासाठी वेगळी पाकिटं पाठवायची म्हटलं तर तो थकेल. उपाय आहे मल्टिकास्ट, आणि तो वर्तमानपत्रासारखा चालतो. छापखान्याला वाचकाचं नाव माहीत नसतं. साताऱ्याला एक गठ्ठा जातो, स्टँडवर फुटतो, पुढे गल्लीगल्लीत वाटला जातो. तसंच आवाजाला एक गटाचा पत्ता देतात, '२३९'ने सुरू होणारा. माइकचा डबा एकदाच पाठवतो आणि फाटा फुटेल तिथे स्विच प्रती काढतो.

कोणत्या दारात पेपर टाकायचा हे स्विचला कसं कळतं? ज्याला आवाज हवा ते यंत्र "मला अमुक गट हवा" अशी चिठ्ठी टाकतं. स्विच ती वाचतो आणि फक्त त्याच दाराला पाकिटं देतो. या व्यवहाराला आयजीएमपी म्हणतात. स्विच हे वाचत नसेल तर तो प्रत्येक आवाज प्रत्येक दारात ढकलतो आणि बिचारा कार्ड-रीडरसुद्धा शेकडो मेगाबिटांखाली गुदमरतो.

पण वाचक गाव सोडून गेला तर? म्हणून एजंट मधूनमधून विचारतो, "पेपर चालू ठेवायचा ना?" नेटवर्कमध्ये हे काम करणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. तो ठरावीक वेळाने, बहुतेक ठिकाणी १२५ सेकंदांनी, विचारत राहतो आणि यंत्रं "हो, हवा" म्हणत राहतात.

याचा धडा मला एका नव्या स्टुडिओत मिळाला. सगळी जोडणी झाली, आवाज आला, सगळ्यांनी पेढे खाल्ले. चार मिनिटं आणि काही सेकंदांनी एकदम शांतता. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या, हलवले, यंत्र पुन्हा सुरू केलं, आवाज आला. पुन्हा चार मिनिटांनी गेला. रात्रभर आम्ही केबली बदलत होतो, माइकच्या डब्यावर संशय घेत होतो. पहाटे एका सहकाऱ्याने घड्याळ लावून मोजलं : दर वेळी २६० सेकंद. हा आकडा ऐकल्यावर उत्तर सापडलं. दोनदा १२५, वर १०. स्विच चिठ्ठ्या वाचत होता, पण नेटवर्कवर विचारणारा क्वेरिअर कोणी नेमलाच नव्हता. कोणी विचारलं नाही म्हणून कोणी उत्तर दिलं नाही, आणि ठरलेली मुदत संपल्यावर स्विचने पेपर बंद केला. एका टिचकीचं काम होतं. तेव्हापासून कोणी "थोड्या वेळाने आवाज जातो" म्हणालं की मी आधी विचारतो, "थोड्या म्हणजे नक्की किती?"

याच घराण्यातला दुसरा बिघाड म्हणजे वीज वाचवणारे स्विच. पाकिटांची ये-जा कमी झाली की ते दार क्षणभर झोपवतात. ऑफिसात हे चांगलंच आहे. इथे घड्याळाच्या चिठ्ठ्या झोपलेल्या दारापाशी खोळंबतात, हिशेब डळमळतो आणि आवाजात बारीक टकटक सुरू होते. ही सोय बंद करून ठेवायची.

पाकिटांना मानही ठरवून द्यावा लागतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ॲम्ब्युलन्स आली की गर्दी दुभंगून वाट देते. तसं प्रत्येक पाकिटावर खूण असते. घड्याळाची चिठ्ठी सर्वांत आधी, मग आवाज, मग बाकीचं. ही खूण पाळायला स्विचला शिकवावं लागतं, तो आपणहून पाळेलच असं नाही.

कन्सोलमध्ये आवाज नाही

स्टुडिओ पाहायला आलेल्या पाहुण्यांना सगळ्यांत जास्त नवल या गोष्टीचं वाटतं. समोर फेडर आणि दिव्यांनी भरलेला मोठा कन्सोल असतो, आणि त्यातून आवाजाचा एक थेंबही जात नाही. तो टीव्हीच्या रिमोटसारखा आहे. मिसळण्याचं काम रॅकमधलं यंत्र करतं, फेडर त्याला फक्त हुकूम देतो. कन्सोलवर चहा सांडला आणि तो बंद पडला, तरी चालू असलेलं गाणं चालूच राहतं.

गाणी वाजवणाऱ्या संगणकालाही साउंड कार्ड लागत नाही. त्याच्यात एक छोटा प्रोग्राम घातला की तो आकडे थेट नेटवर्कवर सोडतो. पॅच बेची जागा नावांच्या यादीने घेतली : 'स्टुडिओ २ माइक १', 'बातम्या', 'ओबी व्हॅन'. यादीतून निवडलं की जोडलं गेलं. माइक उघडताच दाराबाहेर लागणारा लाल दिवाही याच नेटवर्कवरून पेटतो.

फोन-कार्यक्रमासाठी याचा फायदा मोठा आहे. फोनवर बोलणाऱ्याला स्टुडिओतलं सगळं ऐकू गेलं पाहिजे, फक्त त्याचा स्वतःचा आवाज सोडून, नाहीतर तो अडखळेल. याला मिक्स-मायनस म्हणतात. तीन श्रोते एकाच वेळी लाइनवर असतील तर तिघांसाठी तीन वेगळी मिश्रणं लागतात. जुन्या कन्सोलवर ही जुळवाजुळव हाताने करावी लागायची आणि घाईत चुकायची. आता फेडरला फोन जोडला की यंत्र ते मिश्रण आपोआप तयार करतं. घरातल्या रेडिओचा आवाज मात्र ताईंनाच कमी करावा लागतो, तिथे आमचं नेटवर्क पोचत नाही.

एकमेकांची भाषा

सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. पाकिटं सगळ्यांचीच, पण एकाचं दुसऱ्याला वाचता येत नव्हतं. २०१३ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने एईएस६७ हे मानक काढलं. ४८ किलोहर्ट्झ, एक मिलिसेकंदाचं पाकीट, २००८चं पीटीपी : एवढं प्रत्येकाला आलंच पाहिजे असं त्याने ठरवलं. टीव्हीच्या जगात २०१७ साली आलेल्या '२११०' या मानक-मालिकेतला आवाजाचा भागही याच पायावर आहे.

खरेदी करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. एईएस६७ने भाषा एक केली, पत्त्यांची वही दिली नाही. कोणत्या नेटवर्कवर कोणता आवाज उपलब्ध आहे हे एकमेकांना कसं कळवायचं, ते त्यात ठरवलेलं नाही. त्यामुळे डब्यावर 'एईएस६७' छापलेली दोन यंत्रं शेजारी ठेवली तरी ती एकमेकांना आपोआप सापडतील असं धरून चालू नये. बऱ्याचदा पत्ते हाताने भरावे लागतात आणि ते काम समजणारा माणूस लागतो. विक्रेत्याला नुसतं "चालतं का?" विचारू नका, आपल्याकडच्या यंत्राशी जोडून दाखवायला सांगा.

एक चूक, अख्खं केंद्र

जुन्या पद्धतीत वायर तुटली तर एक माइक जायचा. इथे मुख्य स्विच गेला तर सगळंच जातं. कोणी एखाद्या केबलची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटांत घातली की पाकिटं गोल फिरत राहतात आणि नीट न बांधलेलं नेटवर्क काही क्षणांत बसतं. म्हणून गंभीर केंद्रांत दोन वेगळी नेटवर्कं असतात, दोन स्विच, दोन वीजवाटा. प्रत्येक पाकीट दोन्हींकडून जातं आणि पोचणारं यंत्र आधी आलेलं घेतं, दुसरं सोडून देतं. एक बाजू पूर्ण बंद पडली तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. ऑफिसचं नेटवर्क यापासून कटाक्षाने वेगळं ठेवायचं. वाय-फायवर तर हे चालवायचा विचारही करू नये. तिथे पाकिटं हरवणं हा रोजचा व्यवहार आहे.

इमारतीबाहेर पडलं की नियम बदलतात. सार्वजनिक इंटरनेटवर पाकिटांचा काही नेम नसतो, त्यामुळे स्टुडिओपासून प्रक्षेपकापर्यंत किंवा मैदानावरून स्टुडिओपर्यंत आवाज न्यायचा तर वेगळी यंत्रं लागतात. ती आवाज ओपससारख्या पद्धतीने लहान करतात, मोठी टाकी ठेवतात, आणि उशीर पत्करतात. दोन शहरांत तीच वेळ हवी असेल तर दोन्हीकडे जीपीएसवरून घड्याळ लावतात. उपग्रहांचं घड्याळ दोघांनाही आकाशातून दिसतं, ढोल-पथकातल्या त्या हातासारखं.

मला बरेचदा विचारतात, छोट्या केंद्राने हे घ्यावं का. आपल्याकडे सामुदायिक रेडिओला १०० वॅटपर्यंतची प्रक्षेपण-शक्ती मिळते आणि बहुतेक ठिकाणी एक स्टुडिओ, दोन-तीन माइक, एक संगणक असतो. त्यांना माझं उत्तर स्पष्ट 'नको' असं आहे. चांगला साधा मिक्सर घ्या, उरलेले पैसे माइकवर आणि खोलीच्या भिंतींवर घाला, त्याचा फरक श्रोत्याला लगेच ऐकू येईल. तीन स्टुडिओ झाले, वृत्त-कक्ष वेगळा झाला, एकाच आवाजाची पाच ठिकाणी गरज पडू लागली की मग नेटवर्क पैसे वसूल करून देतं.

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी मोठ्या स्टुडिओची वाट बघू नये. सेटिंग बदलता येणारा एक जुना स्विच, आवाज नेटवर्कवर सोडणारे आणि घेणारे दोन लहान डबे आणि एक लॅपटॉप एवढं पुरतं. एक गाणं लावा, दुसऱ्या डब्यातून हेडफोनवर ऐका. मग क्वेरिअर बंद करा आणि घड्याळ लावून बसा. ते झालं की कोणता डबा घड्याळ आहे ते शोधा आणि गाणं चालू असताना त्याची केबल काढा. दुसरा डबा थोडा वेळ स्वतःच्या अंदाजावर चालतो, मग स्वतःच घड्याळ होतो. गेलेला डबा आवाज पाठवणारा होता की घेणारा, यावर पुढे काय ऐकू येईल ते ठरतं. दोन्ही करून पाहा, आणि कान हेडफोनवरून काढू नका.